आतून लागणारी कडी

मी न्हाणीघराच्या दाराची कडी बोलतेय. बाहेरची नव्हे, आतली. आतल्या माणसानं मला सरकवलं की बाहेरच्यानं थांबायचं, एवढंच माझं काम. सहा इंच लांबी, अॅल्युमिनियमचं अंग, बोटात धरायला एक छोटी मूठ. माझ्यासारख्या कड्या घरोघरी असतात आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. माझ्याकडंही कुणी बघितलं नसतं. पण माझ्यामुळं एका घरात मोठी भानगड झाली, म्हणून सांगावंसं वाटतं.

जन्माचं फारसं आठवत नाही. फार गरम होतं आणि फार आवाज होता. नंतर रांजणगावच्या एका हार्डवेअरच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्ही बारा जणी पडून होतो. एके दिवशी अजिनाथ आला. वाळूजच्या एका कंपनीत तो मेन्टेनन्सचा फिटर. त्यानं वरची कडी उचलली, तीनदा सरकवली, कान देऊन ऐकली आणि बाजूला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. दुकानदार वैतागला, "अरे भाऊ, कडी घेतोय का बायको बघतोय?" अजिनाथनं पुढची उचलली. सातवी मी होते. मला सरकवताना खरखर झाली नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेले.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच, त्यामुळं मला आतलं दिसायचं आणि बाहेरचं ऐकू यायचं. अजिनाथनं स्वतः मला बसवलं. चार स्क्रू मला आणि दोन चौकटीवरच्या पट्टीला. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्यानं मला लावून दार दोन्ही हातांनी गदागदा ओढलं. मी हलले नाही. "आता कुणी तोडून दाखवावी," तो अंबिकाला म्हणाला. अंबिका म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, "न्हाणीघरच हाय, तिजोरी नाय."

दार लागलं की माणूस बदलतो, हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. बाहेर चार शब्दांच्या वर न बोलणारा अजिनाथ आत धनगरी ओव्या म्हणायचा. बापाबरोबर मेंढरांमागं फिरताना लहानपणी ऐकलेल्या. अंबिका नळ सोडून नुसती बसायची. अंघोळ पाच मिनिटांची, बसणं दहा मिनिटांचं. दिवसभरात तिची एकटीची जागा तेवढीच होती. आणि त्यांची एकुलती एक पोर ज्ञानेश्वरी, ज्ञानू, सहा वर्षांची, बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायची, जीभ बाहेर काढून मला लावायची आणि मग तांब्याशी भांडायची. तांब्या तिचा विद्यार्थी होता. त्याचा अभ्यास कधी पुरा नसायचा.

दोन वर्षं अशी गेली.

ज्ञानू आठ वर्षांची असताना एका दुपारी स्वयंपाकघरात ताटली पडली. स्टीलची ताटली फरशीवर पडली की गरगरत राहते, थांबायला वेळ घेते. ती थांबायच्या आत अंबिका ओरडली, "ज्ञानू! ए ज्ञानू! अहो, बघा ना हिला काय झालं!" मग फरशीवर टाचा आपटल्याचा आवाज, एकसारखा. शेजारच्या गोजरबाई धावत आल्या. "फेफरं हाय हे! चप्पल हुंगवा! नायतर कांदा फोडा आधी!" चप्पल आली, कांदा फुटला. अजिनाथनं पोरीच्या दातात चमचा घातला, त्यात तिच्या एका दाताचा कोपरा उडाला. मग झटके आपोआप थांबले. गोजरबाईंना वाटलं कांद्यानं थांबले, अजिनाथला वाटलं चमच्यानं. ज्ञानू तासभर झोपली आणि उठल्यावर तिनं विचारलं, "माझ्या तोंडाला कांद्याचा वास कामून येतोय?"

पंधरा दिवसांत तसंच पुन्हा झालं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी एपिलेप्सी म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, एकही चुकवायची नाही. घरी आल्यावर अजिनाथनं बाईंनी सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं आणि अंबिकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर चाललं तर लगेच दवाखान्यात आणा. जागरण नको. शेगडीजवळ एकटी नको. विहीर, तळं, गच्ची इथं एकटी नको.

शेवटची ओळ माझी होती. न्हाणीघराला आतून कडी नको.

"काढूनच टाका ना ती," अंबिका म्हणाली.

"रविवारी काढतो."

ज्ञानूला सांगितलं की दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही. तिनं मान डोलावली. पण दोन वर्षांची सवय. आत आली की हात आपोआप माझ्याकडं यायचा. कधी लक्षात यायचं आणि ती मला परत उघडायची. कधी यायचं नाही. आणि तो रविवार आला तेव्हा कंपनीत एक मशीन बंद पडलं आणि अजिनाथला ओव्हरटाइमला बोलावलं. पुढच्या रविवारी तो झोपला. मी दारावरच राहिले.

सांगायची ती सकाळ त्यानंतरच्या बुधवारची. अजिनाथ रात्रपाळीहून येऊन चहा पीत होता. अंबिका पिशवी घेऊन भाजीला गेली होती. ज्ञानूनं आत येऊन मला लावलं, अंगावर दोन तांबे पाणी घेतलं आणि तिसरा तांब्या वर नेताना तिचा हात तसाच थांबला. डोळे एका बाजूला वळले. मग ती पडली. बादली कलंडली, साबणाचं पाणी मोरीकडं निघालं आणि मोरीच्या तोंडाशी तिचं तोंड होतं.

"ज्ञानू?" बाहेरून आवाज आला. मग मोठ्यानं, "ज्ञानू!" मग दाराला धक्का.

मी हलले नाही. मी चांगली कडी होते. सातांतून निवडलेली, घट्ट बसवलेली. तो खांद्यानं धडका देत होता आणि मी माझं काम करत होते. तेव्हाचं मला एवढंच सांगता येतं की मी वाकत होते आणि तुटत नव्हते. चौथ्या लाथेला चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू उपटून आले. दार आत उघडणारं, ते पोरीच्या खांद्याला अडलं. अजिनाथनं एक हात आत घालून तिचं डोकं पाण्यातून वर धरलं आणि तसंच धरून ठेवलं, झटके थांबेपर्यंत. मग अंग आकसून कसाबसा आत शिरला. त्याच्या तोंडातून तेव्हा जे आवाज येत होते ते शब्द नव्हते.

ज्ञानू वाचली. कपाळावर तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर अजिनाथनं पेचकस काढला. मला उतरवलं, मग आतल्या खोलीच्या दाराची कडी, मग कपाटाची. रस्त्याकडच्या दाराची तेवढी ठेवली. आम्हा सगळ्या जणींना त्यानं जुन्या स्क्रूंबरोबर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेला.

तिथं मी साडेचार वर्षं होते. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं यायचं.

पहिल्या वर्षी घराला टोकं म्हणून राहिली नाहीत. अजिनाथनं टेबलाचे, ओट्याचे, पलंगाचे कोपरे रबराच्या पट्ट्यांनी मढवले. पाळी बदलून कायमची दिवसाची घेतली, म्हणजे रात्री आणि सकाळी अंघोळीच्या वेळी तो घरी असायचा आणि तेव्हा अंबिका एकटी पडायची नाही. ज्ञानूची अंघोळ सुरू झाली की तो न्हाणीघरासमोर स्टूल टाकून बसायचा. मिनिटाला एक हाक.

"ज्ञानू?"

"हाय!"

"ज्ञानू?"

"हाय!"

नऊ वर्षांच्या पोरीला तो खेळ वाटायचा. ती आतून कधी मांजरीच्या आवाजात, कधी शाळेतल्या बाईंच्या आवाजात उत्तर द्यायची आणि अजिनाथ हसायचा. त्या काळात तो हसायचा तेवढाच.

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. वर्षाला चार, कधी पाच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असं होतं, गोळी बदलून बघू, डोस बघू, शाळा चालू ठेवा, खेळू द्या. अजिनाथ शाळा चालू ठेवायचा, खेळू द्यायचं विसरायचा. शाळेची सहल वेरूळला निघाली तेव्हा ज्ञानू महिनाभर आधीपासून पैंजण कोणते घालायचे ते ठरवत होती. अजिनाथ म्हणाला, "लेण्यात पायऱ्या हायेत." एवढंच म्हणाला. अंबिकानं रात्री जेवताना पुन्हा विषय काढला, "बाई हायेत सोबत, मी पन जाते पाहिजे तर." तो म्हणाला, "पायऱ्या हायेत म्हणलं ना." ज्ञानू गेली नाही. मैत्रिणीचा वाढदिवस, गच्चीवरचे पतंग, सायकल, सगळ्याला असंच एकेक कारण मिळालं. प्रत्येक फिटीनंतर एक नवीन गोष्ट बंद व्हायची.

अंबिकाची काळजी वेगळ्या जातीची होती. तिनं शाळेत जाऊन सगळ्या बाईंना फिट आली तर काय करायचं ते स्वतः करून दाखवलं, पदर खोचून, वर्गाच्या फरशीवर कुशीवर झोपून. गोजरबाईंनाही शिकवलं. गोजरबाई म्हणाल्या, "मंग कांदा?" अंबिका म्हणाली, "कांदा भाजीत टाका, मावशी." ती घाबरत नव्हती असं नाही. गोळीची वेळ दहा मिनिटं टळली तर तिच्या हातातलं भांडं पडायचं. पण ती घाबरून झाली की कामाला लागायची. अजिनाथचं घाबरणं संपायचं नाही. तो रात्री चार-चारदा उठून पोरीचा श्वास ऐकायचा, हे मला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं.

ज्ञानू तेरा वर्षांची झाली. आता मांजरीचा आवाज बंद झाला. "ज्ञानू?" अशी हाक आली की आतून एक तुटक "हाय" यायचं. मग "हाय म्हणलं ना." मग नुसतं "हं." तिला पाळी सुरू झाली होती. अंबिकानं नवऱ्याला सांगितलं, "आता तुम्ही तिथं बसू नका, मी बसते." अजिनाथ स्टूल चार हात मागं घेऊन बसला. हाक तशीच राहिली.

एका सकाळी हाक गेली आणि उत्तर आलं नाही.

"ज्ञानू?"

काही नाही.

"ज्ञानू!"

स्टूल पडलं. दार ढकललं गेलं. आत दाराला टेकून भरलेली बादली ठेवली होती, ती सरकली, पाणी सांडलं. मग शांतता. ती फिटीची शांतता नव्हती. डब्यात बसूनही मला फरक कळला.

ज्ञानू अंघोळ करून, कपडे घालून आत उभी होती. तिनं मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं.

"बोलली कामून नाय?" अजिनाथचा आवाज फाटला होता.

"बघायचं होतं किती वेळ थांबता."

"मेली असती मग?"

"पप्पा, मला कडी पायजे."

"नाय."

"माझ्या वर्गातल्या श्रेयाच्या घरी हाय. सगळ्यांच्या घरी हाय. मला आतून कडी पायजे."

"नाय म्हणलं!"

त्यानंतर त्या घरात आठ-दहा दिवस भांड्यांचेच आवाज जास्त झाले. ज्ञानू बाप कंपनीत गेल्यावर अंघोळ करू लागली. शाळेला उशीर झाला तरी चालेल.

त्याच आठवड्यात अजिनाथचे वडील मुंजाबा आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. वैजापूरकडच्या गावात अजून पंचवीस-तीस मेंढरं राखून आहेत. दोन दिवस त्यांनी घरातली शांतता ऐकली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना तोंड उघडलं.

"मेंढीला बी फेफरं येतंय कधीमधी. पडती, पाय झाडती. आमी काय करतो? कुत्रं लांब ठेवतो, उठोस्तर थांबतो. उठली की कळपात सोडतो. दावं लावून घरी ठिवली तर चरंल कुठं ती?"

"माझी पोर मेंढी नाय, आबा," अजिनाथ म्हणाला.

म्हातारा घास चावत राहिला. मग म्हणाला, "नाय ना. म्हणून तर कडी मागती. मेंढीनं मला आजपरेंत काय मागितलं नाय."

अजिनाथ ताटावरून उठून गेला.

पण खरी गोष्ट अजून कुणाला माहीतच नव्हती. ती कळली पिठाच्या गिरणीवर. अंबिका दळण घेऊन आली आणि तिनं पिठाचा डबा ओट्यावर आदळला. अजिनाथ आल्यावर म्हणाली, "श्रेयाची आई भेटली होती. विचारत होती, ज्ञानू बरी हाय का आता. तिच्या घरी पडली म्हणे. दोनदा."

"कधी?"

"एकदा दोन महिन्यांखाली. एकदा मागच्या पंधरवड्यात. श्रेयानं कुशीवर घेतलं, मोबाइलवर वेळ बघितला. तिच्या आईला वाटलं आपल्याला ठाऊक हाय."

स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"ती आपल्याला सांगत नाय," अंबिका म्हणाली. "सांगितलं की तुम्ही काहीतरी बंद करता. आता श्रेयाचं घर बंद होईल म्हणून नाय सांगितलं तिनं."

दुसऱ्याच दिवशी अंबिका ज्ञानूला घेऊन दवाखान्यात गेली. अजिनाथ रजा टाकून सोबत गेला. तिथं काय झालं ते संध्याकाळी चहाच्या वेळी बोलण्यातून मला कळलं. डॉक्टरीणबाई या वेळी आधी ज्ञानूशी एकटीशीच बोलल्या, मग त्यांनी आईला आत घेतलं आणि बापाला बाहेर बसवलं. पाऊण तास. बंद दाराबाहेर बसणं अजिनाथला सरावाचं होतं, पण तिथं हाक मारायची सोय नव्हती. मग बाईंनी त्याला आत बोलावलं.

"मी डोस ठरवते तो तुम्ही सांगता त्या आकड्यांवर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तीन महिन्यांत एक फिट. झाल्या होत्या तीन. म्हणजे मी चुकीच्या आकड्यावर औषध देत होते. मुलगी लपवते, कारण तिला फिटीपेक्षा तुमची भीती वाटते. तुम्ही तिला फार जीव लावता, ते मला दिसतं. पण तिला तुमच्यापासून लपावं लागत असेल तर ती सुरक्षित नाही."

हे सगळं अंबिकानं स्वयंपाकघरात पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, कारण अजिनाथनं ते नीट ऐकलं की नाही याची तिला खात्री नव्हती. त्यानं ऐकलं होतं. तो बोलला, तेही माझ्याविषयी. साडेचार वर्षांत पहिल्यांदा.

"त्या रविवारी मी कडी काढणार होतो."

"कोणत्या रविवारी?"

"ती आत पडली त्याच्या आधीच्या. म्हणजे दोन रविवार. एका रविवारी ओव्हरटाइमला गेलो. दुसऱ्या रविवारी झोपलो. चार स्क्रू होते, अंबिका. पाच मिनटांचं काम. कंपनीत एक बोल्ट ढिला दिसला तर मी जेवण सोडून उठतो. अन् घरी झोपलो."

अंबिका म्हणाली, "मी बी तर घरातच होते. पेचकस मला धरता येतो."

"तू कधी बोलली नाय."

"तुम्ही कधी विचारलं?"

दोघंही रडले का, मला दिसलं नाही. चहा मात्र कुणी प्यायला नाही, कारण नंतर तो मोरीत ओतल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी डबा फळीवरून खाली आला. झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांनी उजेड दिसला. अजिनाथ बिजागरीचे स्क्रू शोधत होता. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. त्याची बोटं माझ्यावर आली, त्यानं मला उचललं, वाकलेल्या अंगावरून अंगठा फिरवला आणि फरशीवर बाजूला ठेवलं. मग कामाला लागला. मी सगळं पाहिलं.

त्यानं न्हाणीघराचं दार उतरवलं आणि उलटं बसवलं. आता ते बाहेर उघडणार होतं, म्हणजे आत कुणी पडलं तरी अडणार नव्हतं. मग खिशातून नवी कडी काढली. ती माझ्या जातीची नव्हती. आतून बोटानं फिरवायची, आणि बाहेरच्या बाजूला एक खाच, रुपयाचं नाणं घालून फिरवलं की उघडायची. डॉक्टरीणबाईंनी अशी चालेल म्हटलं होतं. अंबिकाला त्यानं आत कोंडलं आणि बाहेरून उघडून पाहिलं. दोन सेकंद. पुन्हा कोंडलं, पुन्हा उघडलं. सहाव्यांदा अंबिका म्हणाली, "मला भाकरी टाकायच्यात."

ज्ञानू उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "बाहेरून उघडती म्हणजे ती कडीच नाय," ती म्हणाली. "तुम्ही कधीबी उघडाल."

अजिनाथनं पेचकस खाली ठेवला. "नाय उघडणार."

"मग कधी उघडाल?"

"पडल्याचा आवाज आला तर. नायतर पंधरा मिनटांच्या वर झालं तर. आधी दार वाजवीन. तू बोलली तर नाय उघडणार."

"वीस मिनटं. डोकं धुवायच्या दिवशी."

"... वीस."

"अन् उघडायचं तर आई उघडंल."

"आई घरी नसली तर?"

ज्ञानूनं विचार केला. "तर तुम्ही. डोळे मिटून."

आबा भिंतीला टेकून बसले होते, ते खोकल्यासारखं हसले.

"अन् ते स्टूल," ज्ञानू म्हणाली.

अजिनाथनं स्टुलाकडं पाहिलं, मग ते उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा म्हणाला, "माझी बी एक अट हाय. फिट आली की सांगायचं. कुठंबी आली तरी. मी काय बंद करणार नाय."

"एकबी नाय?"

"आधी बाईंना विचारीन. मग बोलीन."

"मग सांगीन," ज्ञानू म्हणाली. आणि तिथल्या तिथं आणखी एक सांगितली, शाळेच्या मैदानामागची, जी श्रेयालाही ठाऊक नव्हती. अजिनाथचा हात चौकटीवर घट्ट झाला.  फ्रीजवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली. "तारीख तूच लिही," म्हणाला.

जाताना आबांनी मला फरशीवरून उचललं. "ही मी नेतो. कोकरांच्या फाटकाला व्हईल."

"वाकलीय ती, आबा."

"हातोडा हाय माझ्याकडं."

अशी मी एसटीनं, धोतरात गुंडाळून, वैजापूरकडच्या गावी आले. आबांनी मला दगडावर ठेवून ठोकून सरळ केलं. पूर्ण सरळ नाही झाले, सरकताना आता खरखरते. बाभळीच्या फळ्यांच्या फाटकावर मला बसवलं. इथं काम सोपं आहे. सकाळी मेंढ्या माळावर जातात तेव्हा लहान कोकरं वाडग्यात, म्हणजे कुंपणाच्या आत, ठेवून मला लावतात. संध्याकाळी कळप परतला की मला उघडतात आणि कोकरं आपापल्या आईकडं पळतात. लावणारा बाहेर असतो, आत असतात त्यांना माझं काही सोयरसुतक नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिघं गावी आलेत. आज दुपारी ज्ञानू फाटकाला टेकून कोकरांना पाला दाखवत होती. अजिनाथ दहा पावलांवर बाजेवर बसून शेंगा सोलत होता. ज्ञानू म्हणाली, "पप्पा, मला कसंतरी—" आणि तिचा हात फळीवर थांबला.

मी ते दुसऱ्यांदा पाहिलं. या वेळी अजिनाथ मध्ये दार नसताना पोचला. तिला त्यानं धरून खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला टॉवेल सारला, जवळचा दगड पायानं लोटला. मग घड्याळाकडं पाहिलं आणि बसला. आत कोकरं ओरडत होती. गावातली सरूबाई वाटेनं जाता जाता थांबली, "अगं बाई, पाणी आणू का?" तो म्हणाला, "नको मावशी. व्हईल बरी. बसा." एक मिनिट. दीड. त्याचे ओठ हलत होते. आकडे मोजत होता की ओवी म्हणत होता, कळलं नाही. दोन मिनिटं आणि दहा सेकंदांनी ती सैल पडली. त्यानं तोंडाचा फेस पुसला आणि ती बाभळीच्या सावलीत झोपली, तिथंच. तो उठून तिला घरात नेईल असं मला वाटलं होतं. त्यानं नेलं नाही. शेंगांची टोपली जवळ ओढून सोलत बसला.

पाऊण तासानं ज्ञानू उठली. "किती?" तिनं विचारलं.

"दोन दहा."

"कमी हाय." ती डोकं धरून बसून राहिली. मग आबा काठी घेऊन निघाले, माळावरचा कळप आणायला. ज्ञानू म्हणाली, "मी जाऊ आबासंगं?"

अजिनाथचा हात टोपलीत थांबला. मी आधीचा अजिनाथही ओळखते आणि आताचाही, म्हणून सांगते, त्या वेळी त्याला "नाय" म्हणणं फार सोपं होतं. कारणंही होती. ऊन, चढ, नुकतीच आलेली फिट.

"डोकं दुखतंय का?"

"थोडं."

"पाणी पिऊन जा. आबा, ओढ्याच्या अंगानं नका जाऊ, वरच्या वाटेनं जा."

"बरं," आबा म्हणाले.

ती गेली. थोड्या वेळानं अंबिका चहा घेऊन आली. बाजेवर एकटा नवरा पाहून तिनं विचारलं, "कुठं हाय ती?"

"माळावर. आबासंगं."

"फिट आली म्हणे, सरूबाई सांगत होती."

"आली. दोन दहा."

"अन् तुम्ही सोडलं?"

"सोडलं."

अंबिका त्याच्याजवळ बाजेवर बसली. दोघांनी चहा प्यायला. तो वाटेकडं बघत होता, ते काही सुटणार नाही. पण तो बसून राहिला.

माझं सांगून झालं. मी धातूची आहे, मला जीव लावता येत नाही, मग त्याबद्दल शिकवायचा हक्कही नाही. एकच मागणं आहे आणि तेही कामाचं. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी दार बाहेर उघडणारं करावं, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवावी, आणि ते या रविवारीच करावं. पण कडी असू द्यावी. आणि उघडायची कधी, ते आधी लेकराला विचारून ठरवावं.

उन्हं कलली आहेत. माळावरून मेंढ्यांचा आवाज येतोय, आणि आत कोकरांनी तो ऐकलाय, सगळी फाटकाशी येऊन ढुशा देतायत. कळपाच्या पुढं धुळीत एक मुलगी पळत येतेय, आबांच्या बरीच पुढं. ती पोचली. धापा टाकत तिनं माझी मूठ धरली आणि ओढली. मी खरखरले, आणि उघडले.